गायमुखच्या चढाला

नव्या गाड्यांचे चेहरे बघ, बस्त्याव,
सगळ्या कुणावर तरी डाफरतायत.
माझ्या चौऱ्याहत्तरच्या फियाटला दोन गोल डोळे,
आणि बंपरला असा क्रोम
की उथळसरची पोरं त्यात बघून भांग पाडतात.

गायमुखच्या चढाला ती तापते. मान्य.
ओल्या फडक्यानं रेडिएटरचं झाकण सैल करून
खाडीकडे बघत वीस मिनिटं उभं राहायचं.
मागचे हॉर्न मारतात.
मारू देत.

परवा साडूची नवीकोरी गाडी
माजिवड्याच्या पुलावर मुकाट बंद पडली.
पडद्यावर एक पिवळं चिन्ह,
अर्थ फक्त कंपनीला ठाऊक.
साडू कठड्याला टेकून,
वरात चुकलेल्या नवऱ्यासारखा.

माझी आधी खोकते,
मग पेट्रोलचा वास सोडते, क्लच जड करते;
आठवडाभर कुरकुरल्याशिवाय
ही कधी थांबलेली नाही.
मी तरी यालाच भरवसा म्हणतो.

तुला म्हणून सांगतो, बस्त्याव,
पुलावर त्याच्या शेजारी थांबलो
तेव्हा इंजिन चालूच ठेवलं होतं.
बंद केलं असतं
तर साडूलाच धक्का मारावा लागला असता.