शिक्षेच्या मुद्द्यावर

निकालपत्रात एक परिच्छेद असतो,
दोषी ठरवल्यानंतर, शिक्षा सांगण्याआधी:
'शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीस ऐकले.'
सेलूच्या कोर्टात एकोणीस वर्षं
तो मी टाइप करते.
अडीच ओळींचा.
घरची परिस्थिती गरिबीची आहे,
म्हातारी आई आहे, दया दाखवावी.
आता टाइपही करावा लागत नाही,
मागच्या निकालातून उचलते, नाव बदलते.

मुंजाजी आश्रोबा ताठे.
हे नाव बदलावं लागलं नाही.

पहिल्यांदा स्टार्टर, दुसऱ्यांदा केबल,
तिसऱ्यांदा दुधनाकाठच्या विहिरीवरची
अख्खी पाच एचपीची मोटर.
तांबं तोलून घेणारा भंगारवाला
तिन्ही खटल्यांत सरकारी साक्षीदार.
इस्त्रीचा सदरा घालून यायचा,
भत्त्याची सही करून जायचा.

पहिल्या साहेबांनी वय पाहिलं.
चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतो म्हणाले,
एक जामीनदार आण.
साडेपाचपर्यंत तो पायऱ्यांवर बसला,
फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाकडं बघत.
मग सहा महिने.

दुसऱ्या साहेबांनी मागचा निकाल मागवला.
'पूर्वी शिक्षा होऊनही सुधारणा नाही'
हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.
एक वर्ष.

हर्सूलला तो वायंडिंग शिकला.
सुटल्यावर प्रमाणपत्र घेऊन दुकानं फिरला.
प्रमाणपत्रावर कारागृहाचा गोल शिक्का.
शिक्का दिसला की लोक
कागदाची घडी घालून परत देत,
अगदी नीट, दोन्ही हातांनी.

हे त्यानंच सांगितलं,
माझ्या घरी, ओट्यावर बसून.
हौदावरची मोटर जळाली होती,
मिस्त्रीनं पोरगा पाठवला,
दार उघडलं तर हा.
'मॅडम, तुमी?' म्हणाला, आणि हसला.
बोलणं संपल्यावर तार भरू लागला,
वेढे मोजत, ओठ हलवत,
जपाला बसल्यासारखा.
मी चहा दिला.
चहा देऊन वळताना
न्हाणीतला तांब्याचा बंब आत ओढला.
फरशीवर तो केवढा वाजला.
मुंजाजीचे वेढे चुकले.
त्यानं तार उलगडली,
पुन्हा एकपासून मोजायला लागला.

रात्री मिस्त्रीला फोन केला.
एवढंच म्हणाले,
'पोरगा कोण आहे, माहीत आहे ना?'

अडीच महिन्यांनी तिसरा खटला.

परवा नव्या साहेबांनी विचारलं,
शिक्षेबाबत काही सांगायचंय?
ते चष्मा काढून विचारतात
आणि खरोखर थांबतात.
पंखा. पुकारा देणाऱ्या शिपायाचा खोकला.
मुंजाजीनं त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.
राग नव्हता.
माझी बोटं तयार होण्याची
वाट बघितल्यासारखं.
'मागं लिव्हलं व्हतं तेच लिव्हा, मॅडम.'

दोन वर्षं.
कारण म्हणून साहेबांनी आधी 'वचक' सांगितलं,
मग खोडायला लावलं. 'समाजहित' घातलं.
तेही खोडलं.
बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.
शेवटी नुसता आकडा राहिला,
आणि खाली नेहमीचं:
भोगलेली कैद वजा करण्यात यावी.
मोटर मूळ मालकास परत द्यावी.
पक्कड व हातकरवत निरुपयोगी असल्याने
अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावी.

अडीच ओळी मी उचलल्या, तशाच ठेवल्या.
त्यातली म्हातारी आईही.
ती पोळ्याच्या आधी वारली,
हे शिपायानं सांगितलं, सही-शिक्का झाल्यावर.

आमची मोटर अजून चालते.
पहाटे बटण दाबलं की क्षणभर घुमते,
अडखळते की काय असं वाटतं,
आणि वर टाकीत पाणी पडू लागतं.
मी खाली उभी राहून ऐकते.
एकही वेढा कमी नाही.