सुलक्षणा मगदूम, वय एकोणचाळीस

नाव सांगितलं की लोक थोडं हसतात.
आजोबांनी पत्रिका बघून ठेवलेलं.
पण जन्मभर माझं एकच लक्षण ठळक दिसलं:
लक्ष नाही.

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला हिशेबाला आहे मी.
सत्तेचाळीसचा लॉट चौऱ्याहत्तर लिहिते
आणि मग रात्री जागून तोच कागद चौदा वेळा तपासते.
दूध उतू जातं ते निराळंच.
मी गॅसपाशी उभी असतानाच जातं.

पहिले डॉक्टर सांगलीत, शंभर फुटी रस्त्याला.
तीन मिनिटं. त्यातली दोन त्यांच्या फोनवर.
"मुलं किती? मग वेळ कुठला तुम्हाला असल्या आजारांना?"
आणि झोपेची गोळी.
मी झोपेत चुकतच नव्हते, जागेपणी चुकत होते,
हे मला जिना उतरताना सुचलं.

दुसरे म्हणाले, बी. कॉम. फर्स्ट क्लास ना?
मग कसलं एडीएचडी!
ते पोरांना होतं, बाकांवर चढणाऱ्या.
मी बाकावर कधी चढले नाही.
खिडकीतून बाहेर जायचे,
बसल्या जागेवरून.

मधे एक वर्ष कुणाकडंच गेले नाही.
स्वतःला शिव्या दिल्या फक्त.
त्याला फी नसते.

मिरजेचं नाव काढलं पॅकिंगमधल्या राजमतीनं.
तिच्या पोराला तिथं नेतात.
"मोठ्यांनाही बघतात मॅडम. विचारून ठेवलंय मी.
तुझ्यासाठी."
बेदाणे निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली.

वेळ बुधवारची होती.
मी गुरुवारी गेले.
रजिस्टर सांभाळणाऱ्या मामांनी चष्म्यावरून बघितलं:
"बसा. इथं निम्मे लोक चुकलेल्या दिवशीच येतात."

डॉक्टर जमादार मॅडमनी माझं वाक्य तोडलं नाही.
मीच तोडलं, चार ठिकाणी,
कारण भिंतीपलीकडं तंबोरे करणाऱ्याचं दुकान,
आणि कुणीतरी एकच तार छेडत होतं,
दोरा सरकवायचा, छेडायची,
परत सरकवायचा.
मी गप्प झाले. आता म्हणतील, इकडं बघा.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
"जवारी लावतोय तो. होऊ दे त्याचं. मग सांगा."

झालं त्याचं.
मग सांगितलं.

पुढच्या वेळी प्रगतिपुस्तकं मागितली त्यांनी, शाळेतली.
आईनं शर्टाच्या खोक्यात जपलेली.
तिसरी: हुशार आहे, पण लक्ष नाही.
पाचवी: लक्ष दिल्यास प्रगती होईल.
आठवी, नवे सर, नवं अक्षर: लक्ष
आणि पुढं सगळी शाई सांडलेली.
मॅडमनी तिन्ही शेजारी शेजारी मांडली.
"इतक्या जणांना दिसलं की हो.
कुणीच विचारलं नाही?"

मी रडले नाही.
खोटं कशाला, रडले; पण नंतर, रसवंतीपाशी,
आणि रसाचे पैसे द्यायचे राहिले.

नवऱ्यालाही बोलावून घेतलं एकदा.
"मुद्दाम करत नाहीत त्या."
सोळा वर्षं हेच वाक्य मी घरात म्हणत होते.
त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा ऐकलं.
थोडा राग आला मला. अजून येतो.

बीपी बघितलं, ईसीजी काढला,
मग गोळी, अगदी लहान मात्रेची.
"भूक मरेल, आधी जेवत जा.
धडधडलं तर फोन करा, रात्र असली तरी.
आणि दूध एवढ्यात थांबायचं नाही हं उतू जायचं.
नाही मानवली तर दुसरी बघू."
बघा नव्हे.
बघू.

निघताना मामा चिठ्ठी लिहायला लागले,
माझ्याकडं बघून थांबले
आणि तळहात मागितला.
निळ्या पेनानं: बुध. १४, सकाळी ११.

तासगावपर्यंत एसटीत मूठ मिटून बसले.
घरी पानं वाढलेली. सासूबाई म्हणाल्या, हात धू.
एकच धुतला.