धकाते बाईंचं गाव

पाचपावलीची शाळा, लाईट गेलेली.
धकाते बाईंनी फळ्यावर एक गाव काढलं:
मध्य अमेरिका, उंची सात हजार फूट,
उत्तरेला दरी, बाकी तिन्ही अंगांना डोंगर,
माणसं आपल्या वॉर्डापेक्षा कमी.
नावाचं पुढचं टोक संताचं,
मागचं त्याच्या आधीपासूनचं.

एका भूकंपानंतर गाव वर सरकलं.
जुन्या चर्चची घंटा तेवढी सोबत नेली.

बायका तिथं माग कंबरेला बांधतात,
दुसरं टोक झाडाला.

इथं बाई थांबल्या.
त्यांच्या घरचा खड्डामाग
गेल्या दिवाळीत बुजवला; वर फरशी, फरशीवर फ्रिज.

पेपरात ते गाव आलंच नाही.
मी मात्र गोळीबार चौकातून जाताना
अजून झाडांकडे बघतो,
कंबरेच्या उंचीला
कुठं दोरीचा वळ दिसतो का.