पोच

बेतिसला आमच्या शेडमध्ये विमानं टांगलेली असतात
पोटाला दोरी बांधून, रंग वाळेपर्यंत.
खालून कोंबड्या हिंडतात. त्यांना सवय आहे.

लढाऊ विमानांना गिऱ्हाईक फार:
निवृत्त कर्नल, त्यांच्या विधवा,
एकदा तर एक दंतवैद्य.
शिकाऊ विमान कुणी मागत नाही.
शाळेतल्या बाकाची प्रतिकृती घरात कोण ठेवेल?

एवारिस्तो लाक्सामाना लिपाहून आले
प्लास्टिकच्या पिशवीत एक फोटो घेऊन.
नारिंगी नाक, दोन सीटा एकामागे एक,
पुढे शिकणारा, मागे शिकवणारा.
"सात वेळा उडालो," म्हणाले, "मग मला घरी पाठवलं.
चाळीस वर्षं साखर कारखान्यात वजनं लिहिली."
आणि उजव्या पंखाच्या टोकावर नख टेकवून,
"इथे पोच हवा. तो माझा आहे."

तातांग दाल्मासियोंनी आयुष्यात पोच केला नव्हता.
पंख तपासायचे डोळे मिटून, बोटाच्या पेराने,
तान्ह्याचा ताप बघावा तसे.
आता पोच कोरायला बसले
आणि पोच काही जमेना.
पहिला झाला वाटीसारखा, देखणा.
दुसरा नक्षीत गेला. तिसऱ्यात चक्क पाकळी निघाली.
संत घडवून घडवून तयार झालेला हात,
चूकसुद्धा वेदीवर ठेवण्याजोगी करायचा.
तीन पंख चुलीत गेले. त्यांच्यावर भात शिजला.

लाकूड महोगनीचं,
डोंगर फुटला त्या वर्षी चिखलात बुडालेलं.
रेषांमध्ये अजून राख आहे,
पटाशी तासातासाला दगड मागते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कामावर आठवा महिना.
काम म्हणजे घासणं, पुसणं, पुन्हा घासणं.
चौथा पंख शिकंजात धरला होता.
कोंबडी पायात आली.
नाही, खोटं कशाला,
मी फोन बघत होते.
पटाशी सटकली आणि टोकाला
एक वेडाबागडा खड्डा पडला,
कडेला चिरफाळलेला, घाबरलेला.

तातांग आले. बघितलं.
मी शिव्यांची वाट बघत उभी.
ते फोटो घेऊन उन्हात गेले, परत आले.
"हाच," म्हणाले.
मग जरा वेळाने,
"पण हा डावा पंख आहे."

काच मी रंगवली.
आमच्या विमानांना काच नसते,
भरीव लाकूड असतं, वर काळसर निळा रंग
आणि आभाळाची म्हणून एक पांढरी तिरीप.
आत कुणी बसू शकत नाही.

लाक्सामाना न्यायला आले ते उशी घेऊनच, बसमधल्या धक्क्यांसाठी.
पोचावर अंगठा ठेवला. बरोब्बर मावला.
डाव्या-उजव्याचं काही बोलले नाहीत.
त्यांनाही नक्की आठवत नसेल,
किंवा फोटोच उलटा छापला असेल.
मग निळ्या रंगावर वाकून
मागच्या सीटच्या जागी बघत राहिले.
"लेफ्टनंट बाल्तासार," म्हणाले, "हात गुडघ्यांवर ठेवायचे.
दांडा त्यांच्यापुढेही होता.
सातही वेळा धरला नाही.
शेवटच्या वेळी धरायला हवा होता, सगळे म्हणाले.
ते नाही म्हणाले."

मी पैशांची पोच लिहून दिली.
लाकडातला आधीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी तातांगनी माझ्यापुढे
एक कोरं शेपूट ठेवलं, पटाशी दिली,
स्टूल ओढून माझ्या मागे बसले.
मी वळून बघितलं नाही.
पण आवाज कळतो:
दोन तळवे, दोन गुडघे.
पहिल्या फटक्यापर्यंत तरी
ते तिथेच होते.