क्रमांक सतरा

गांधीबागेतून आणलेलं काळं लोकरी कापड,
मीटरला नऊशे.
काचेचे डोळे, जोडी एकशे चाळीस.
मान फिरावी म्हणून इतवारीतले खिळे, चकत्या.
पोटातला भुसा फुकट, सागाचा,
तान्ह्या पोळ्याचे नंदी कोरणाऱ्या निखारेंकडचा.
ते म्हणतात, "ने बाई, नाहीतर झाडूनच टाकतो."
एवढं वहीत लिहिता येतं.

छातीवरची पांढरी कोर तीनदा उसवली.
ती कोणत्या रकान्यात मांडू?

धरमपेठेतल्या प्रदर्शनात एक बाई उचलून बघते,
"काऊन वो ताई, साडेचार हजार?
अस्वलच होय न हे?"
हो, अस्वलच.
नवेगावच्या रानातलं. गुलाबी नाही.

सतरावं मला विकायचंच नव्हतं.
डावा डोळा जरा खाली बसला होता,
काहीतरी ऐकत असल्यासारखा.
म्हणून कोणी विचारलं की पाचशे वाढवायचे.
पाच हजार. साडेपाच. सहा.
लोक ठेवून जायचे,
मी सुटायचे.

रविवारी आवराआवर चालली असताना
एक म्हातारे गृहस्थ आले.
पंजा उलटून बघितला, बराच वेळ.
"नखं बरोबर लांब ठेवलीत," म्हणाले,
"वनखात्यात होतो मी."
आणि घासाघीस न करता पाकीट काढलं.

नोटा दोनदा मोजल्या.
भरल्या.

घरी येऊन सतराव्या ओळीपुढे
सहा हजार लिहिले.
मग बाहीला चिकटलेली काळी लव
एकेक वेचत बसले.
टाकवेना.
अठराव्याच्या पोटात भरली.