सहा ते वीस

नगरपालिकेच्या व्यायामशाळेत, मागच्या दाराने,
मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही सातजण.
छातीवर तारा चिकटवलेल्या, हृदयं मंदावलेली.
बाहेर ओहोटी लागली की
दोरिंदाला भिंतीआडूनही कळतं.
"वाळू उघडी पडली असेल आता,"
सायकलवर चढता चढता ती म्हणते.

एक्केचाळीस वर्षं गालिसियाच्या या खाडीत
ती कमरेत वाकून शिंपले उकरत होती.
आता झोपायला तीन उशा लागतात,
घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो,
ओल्या वाळूत राहतो तसा.

उशिया, आमची फिजिओ, माझ्या नातीच्या वयाची,
भिंतीवरचा तक्ता दाखवते:
सहा म्हणजे काहीच नाही,
वीस म्हणजे यापुढे एक पाऊलही नाही.
"किती दमलात? आकडा सांगा."

मला सोपं जातं. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली,
काटा बघून बोलायची सवय.
"बारा," मी म्हणतो.
दोरिंदा दर वेळी सांगायची सहा.
ओठ निळे, घाम हनुवटीवरून ठिबकतोय,
आणि सहा.

एकदा उशियाने तिची सायकल थांबवली.
रागावली नाही. खाली बसून
बुटाची सुटलेली नाडी बांधली, म्हणाली,
"एक अख्खं वाक्य बोलून दाखवा."
दोरिंदा बोलायला गेली
आणि वाक्य क्रियापदाच्या अलीकडेच तुटलं.

आम्हा सगळ्यांचेच पाय थांबले.

दम खाऊन ती म्हणाली,
"हे मला कुणी विचारलंच नव्हतं गं.
बादली किती भरली, एवढंच विचारायचे.
नवरा, लिलाववाला. मीसुद्धा."

आज अकरावा आठवडा.
बोळात दोन नारिंगी शंकू, सहा मिनिटांची चाल.
मार्चमध्ये एकशे नव्वद मीटर होते,
आज तीनशे पाच.
हृदय काही नवं झालेलं नाही,
डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय.
पायांनी त्याचं थोडं ओझं वाटून घेतलंय, इतकंच.

"किती?"
भिंतीला हात टेकून दोरिंदा शोधते,
चिखलात बोटांनी शिंपला चाचपावा तशी.
"तेरा. नाही, थांब.
चौदा."

मग माझ्याकडे वळते.
"आणि तुझा, अमारो? खरा सांग."

बारा जिभेवर तयारच होता.
"सतरा," मी म्हणालो.
उशियाने वहीतून मान वर केली,
आणि एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.