साठाव्या मिनिटाला

दर दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गॅसची टाकी बदलायला जातो,
बिशपच्या पुढे, जिथे डांबर संपतं
आणि लॉस एंजेलिसने पिऊन टाकलेल्या तळ्याची धूळ
पत्र्याच्या टपालपेटीत शिरून बसते.
पेटीवर नाव: आर्डिस क्वामे.

डायना व्हेल हे स्टुडिओने दिलेलं.
क्वामे म्हणे बेडूक बोलल्यासारखं वाटतं.
गाल बसावेत म्हणून दोन दाढा काढल्या,
कपाळावरचे केस चिमट्याने उपटून मागे रेटले,
आठवड्याला पंच्याहत्तर डॉलर, सात वर्षांचा करार,
आणि काम एकच. मरायचं.

अकरा चित्रपटांत अकरा वेळा.
बाण, गोळी, पटकी, परत गोळी,
एकदा तर नुसत्या दुःखाने.
साधारण साठाव्या मिनिटाला,
म्हणजे नायक घोड्याला टाच मारायला मोकळा
आणि उरलेल्या अर्ध्या तासात त्याला दुसरी भेटते.
"पत्रं त्या घोड्याला जास्त यायची," बाई सांगतात.

मरणं मात्र त्यांच्या हातचं होतं.
श्वास पोटात नाही, पाठीत लपवायचा.
ओठावर माशी बसली तरी पापणी हलू द्यायची नाही;
माशी म्हणजे दिग्दर्शकाला फुकटात मिळालेली नटी.

बाराव्या मरणाच्या आदल्या आठवड्यात
नॉर्थ डकोटाहून तार आली.
आई तीन दिवस मरत होती.
तोंड उघडं, एक डोळा अर्धा,
केस उशीला चिकटलेले, आणि मध्येच
कोंबड्यांना दाणे घातलेत का, अशी चौकशी.

बाई परत आल्या, वाळूत आडव्या झाल्या
आणि तोंड उघडं ठेवून मेल्या.
कट! सुंदर मर, डायना.
पुन्हा तोंड उघडं.
कट!
नवव्या वेळी उठल्या, झगा झटकला,
आणि छातीवर चॉकलेटच्या पाकाचं रक्त तसंच घेऊन
हमरस्त्यावर बसची वाट बघत उभ्या राहिल्या.
झग्याचे पैसे स्टुडिओने वसूल केले, चौदा हप्त्यांत.
पावत्या अजून आहेत. बिस्किटांच्या डब्यात.

पुढे सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली.
एका सकाळी डेलबर्ट नावाचं पोरगं पायरीवरच अडलं:
"तुम्ही काल रात्री टीव्हीवर मेलात."
"मेले ना. मग बस उशिरा आली का?
जा, बस जागेवर."

परवा मीच म्हटलं, एकदा दाखवा की.
अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईंनी
चष्मा काढून फ्रिजवर ठेवला
आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर अंग टाकलं.
मी पाना हातात धरून उभा.
किटली शिट्टी घालायला लागली, घालत राहिली.
छाती हलेना. तोंड मिटलेलं, नीट, पोस्टरवर असतं तसं.
वीसपर्यंत मोजलं. मग चाळीस.
खिडकीतली माशी उठली, घिरटी घेऊन आली,
त्यांच्या ओठावर टेकली, चालू लागली,
आणि मी ओरडलो, बाई!

एक डोळा उघडला.
"आधी किटली बंद कर.
आणि हात दे.
मरायला सगळ्यांनी शिकवलं,
उठायच्या आत कॅमेरा बंद व्हायचा."

गुडघे वाजले. माझे नाही, त्यांचे.
टाकीचे पैसे टेबलावर मोजून ठेवलेले होते;
त्यातला एक डॉलर त्यांनी परत उचलला.
तिकिटाचा.